उन्हाळा, मधुमेह आणि पाय : चटका बसला तरी कळत नाही तेव्हा

एप्रिल सुरू झाला की मधुमेहाच्या ओपीडीत एक ठरावीक जखम दिसू लागते. तळव्याच्या पुढच्या भागावर, अंगठ्याखाली किंवा टाचेवर मोठा फोड असतो. कधी तो पाण्याने टम्म भरलेला असतो, तर कधी फुटून कातडी सुटलेली असते. रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो आणि "तसं फार दुखत नाही" असे सांगतो.

साठीच्या एका काकू अशाच आल्या होत्या. बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या नियमित, साखर बऱ्यापैकी आटोक्यात. कुरडयांचा चीक शिजवून त्या सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर गेल्या. वाळवणाच्या कापडाला पाय लागू नये म्हणून चप्पल जिन्यात काढली. साऱ्या कुरडया घालून होईपर्यंत ऊन चांगलेच चढले होते. दुपारी नेहमीप्रमाणे जेवण, झोप. संध्याकाळी सुनेला फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा घरात कळले की काकूंच्या दोन्ही तळव्यांवर फोड आले आहेत आणि एक फुटलाही आहे. "मला चटका बसलाच नाही हो डॉक्टर," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या खरेच बोलत होत्या. चटका बसला होता, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. जखम भरायला सात आठवडे लागले.

उन्हाळ्यात पायांची काळजी म्हटले की आपल्याला घाम, भेगा, काळवंडलेली त्वचा आठवते. त्यांविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे. पण मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या घरी सर्वांत आधी जो प्रश्न विचारायला हवा तो असा : या पायांना गरम-थंड कळते का?

चटका का कळत नाही?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसा, म्हणजे संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू, खराब होऊ लागतात. शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास तिथूनच सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. याला न्यूरोपॅथी म्हणतात. टाइप २ मधुमेह बरीच वर्षे लक्षात न येता अंगात असू शकतो. त्यामुळे काही जणांच्या पायांची संवेदना मधुमेहाचे निदान होते त्याच दिवशी कमी झालेली आढळते.

निरोगी माणूस तापलेल्या फरशीवर पाय ठेवताच तो मागे घेतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. न्यूरोपॅथी असलेला माणूस त्याच फरशीवर शांतपणे उभा राहतो. त्वचा भाजण्यासाठी फार मोठे तापमान लागत नाही. साधारण ५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे आणि ६० अंशांना काही सेकंद पुरतात. अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. उन्हात तापलेले डांबर, काळा दगड किंवा पत्रा त्याहून कितीतरी जास्त, ६० अंशांच्याही पुढे जातो. हवामानाच्या बातमीतला आकडा सावलीतल्या हवेचा असतो, तुमच्या पायाखालच्या जमिनीचा नसतो.

मज्जातंतूंबरोबर दोन गोष्टी आणखी बिघडतात. पायाला घाम कमी येतो, त्यामुळे त्वचा कोरडी पडून चिरते. शिवाय अनेकांच्या पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. तंबाखू किंवा विडी-सिगारेट असेल तर जास्तच. अशा पायाला झालेली लहान जखमही भरायला वेळ घेते आणि तेवढ्या काळात जंतूंना वाट मिळते. पाय कापण्यापर्यंत गेलेल्या अनेक कहाण्यांची सुरुवात एखाद्या फोडाने, चिरेने किंवा काट्याने झालेली असते.

तळव्यांची आग म्हणजे 'उष्णता' नव्हे

उन्हाळ्यात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "अंगात उष्णता झाली आहे, रात्री तळव्यांची आग होते." मग तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासणे, मेंदी लावणे, पाय थंड पाण्याच्या बादलीत सोडून बसणे असे उपाय सुरू होतात. वाटीने घासल्यावर बरे वाटते हे खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र मधुमेह असेल तर ही आग बहुधा मज्जातंतूंची तक्रार असते. ऋतू बदलला तरी ती राहते आणि रात्री वाढते. मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे वाटणे, कापसावर किंवा गादीवर चालल्यासारखे वाटणे ही तिची भावंडे.

इथे एक मोठी गफलत होते. ज्या पायाची आग होते त्याला सगळे कळते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आग होणारा पाय बधिरही असू शकतो. प्रीगॅबॅलिन किंवा ड्युलोक्सेटिनसारख्या औषधांनी आग कमी होते, पण गेलेली संवेदना परत येत नाही. आणि काही वर्षांनी औषधाशिवाय आग आपोआप थांबली, तर ती नेहमीच चांगली बातमी असते असे नाही. कधी कधी तक्रार करणारे तंतूही निकामी झालेले असतात.

मेंदीबद्दल एवढेच सांगतो की रंगलेल्या तळव्यावर लाली लवकर दिसत नाही. बादलीत तासभर पाय बुडवून बसू नका. त्वचा भिजून मऊ पडते आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशीला आयते निमंत्रण मिळते. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेत असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. त्याच्या कमतरतेनेही अशीच आग आणि बधिरता येते, आणि ती भरून काढता येते.

घरच्या घरी करता येणारी तपासणी

दवाखान्यात आम्ही १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून किंवा कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून संवेदना तपासतो. घरी त्यापेक्षा सोपी चाचणी करता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ती रूढ केली आणि तिला उपकरण लागत नाही.

रुग्णाने मोजे काढून आडवे व्हावे आणि डोळे मिटावेत. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने आपल्या तर्जनीचे टोक रुग्णाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला एक-दोन सेकंद अगदी हलके टेकवावे. दाबायचे नाही, थोपटायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळले तर रुग्णाने "उजवा" किंवा "डावा" म्हणावे. मग त्याच पायाची करंगळी, नंतर डाव्या पायाचा अंगठा आणि करंगळी, आणि शेवटी दोन्ही पायांचे मधले बोट, अशा सहा जागा. एका जागी एकदाच स्पर्श करा. कळले नाही म्हणून पुन्हा जोरात करू नका. सहापैकी दोन किंवा अधिक जागा कळल्या नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे धरून चाला आणि डॉक्टरांना दाखवा.

चाचणी न करताही एक खूण सांगता येते. "चप्पल पायातून कधी निसटली ते कळलंच नाही" असे घरातले कोणी म्हणत असेल, तर तो विसरभोळेपणा समजू नका.

सहाही जागा कळल्या तरी वर्षातून एकदा दवाखान्यात पाय तपासून घ्यावेत. तिथे पायाची नाडीही पाहिली जाते, जी घरी पाहणे कठीण असते.

पाय नेमके कुठे भाजतात?

गच्चीचे उदाहरण वर आले. वाळवणाच्या दिवसांत घरातल्या ज्येष्ठ बायका पापड, सांडगे, कुरडया घालायला, उलटायला आणि गोळा करायला दिवसातून तीन-चार वेळा गच्चीवर किंवा पत्र्यावर जातात, आणि जवळजवळ नेहमी अनवाणी. उपाय सोपा आहे. वाळवणासाठी धुतलेली, मागे पट्टा असलेली एक स्वतंत्र चप्पल जिन्यात ठेवा. पापड उलटण्याचे काम मात्र नातवंडांना द्या. चार पापड कच्चेच पोटात जातील, पण आजीचे पाय वाचतील.

दुसरी जागा म्हणजे देऊळ. चैत्रातल्या यात्रा, लग्नानंतरचे देवदर्शन, सुट्टीतला कुलदैवताचा दौरा हे सगळे नेमके याच महिन्यांत असते. चप्पल स्टँडपासून गाभाऱ्यापर्यंतचे दगडी आवार दुपारी तव्यासारखे तापलेले असते. प्रदक्षिणा घालायची म्हणजे दहा-पंधरा मिनिटे त्यावर चालायचे. दर्शन सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर घ्या. जाड सुती मोजे चालतात का ते तिथे विचारा, बऱ्याच ठिकाणी हरकत घेत नाहीत. पण मोज्यांनी चटका उशिरा बसतो, टळत नाही, त्यामुळे मोजे आहेत म्हणून भर दुपारी प्रदक्षिणेला निघू नका. जिथे काथ्याची पट्टी अंथरलेली असते तिथूनच चाला. बाहेर आल्यावर गाडीत बसण्यापूर्वी कोणाला तरी दोन्ही तळवे पाहायला सांगा.

अनवाणी येण्याचा नवस बोललेले रुग्णही येतात. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने शिकलो. त्यांना मी पायाची तपासणी करून दाखवतो. आपल्याच पायाला स्पर्श कळत नाही हे एकदा स्वतः पाहिले, की बहुतेक जण घरातल्या मोठ्यांशी बोलून नवस फेडण्याचा दुसरा मार्ग शोधतात.

तिसरी जागा कोणाच्या ध्यानीमनी नसते, ती म्हणजे प्रवास. जीपमध्ये किंवा जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाजवळ बसल्यावर खालचा पत्रा तापतो. चप्पल काढून पाय त्यावर टेकवले आणि डुलकी लागली की तासाभरात फोड येतो. दुचाकीवर मागे बसताना सायलेन्सरला पोटरी किंवा घोटा टेकतो, तेही तसेच. बधिर पाय असेल तर प्रवासात पादत्राण काढू नका आणि इंजिनाजवळची जागा टाळा.

शेतावर काम करणाऱ्यांना उन्हाबरोबर काट्यांचीही भीती असते. बाभळीचा काटा साध्या रबरी चपलेतून आरपार जातो आणि बधिर पायात तो दोन-दोन दिवस तसाच राहिलेला मी पाहिला आहे. उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर झोपण्याची सवय असेल तर पाय पांघरुणात घ्या किंवा मच्छरदाणी नीट खोचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण झोपेत उंदराने बोटे कुरतडली आणि सकाळपर्यंत कळले नाही, असेही बधिर पाय असलेल्यांच्या बाबतीत घडते.

चप्पल कशी असावी?

अंगठ्याची चप्पल नको. ती धरून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात, पट्टा बेचक्यात घासतो आणि ती सहज निसटते. नवी कोल्हापुरीसुद्धा चावते. बधिर पायाला ती चावलेली कळत नाही, म्हणून हौसेला लग्नकार्यात तासभर ठीक, रोजच्या वापराला नाही.

मागे पट्टा, पुढे रुंद जागा, आत मऊ थर आणि खाली जाड, न वाकणारा तळ अशी सँडल उन्हाळ्यात उत्तम. पट्टे वेल्क्रोचे असावेत, कारण उन्हाळ्यात संध्याकाळी पाय थोडे सुजतात आणि पट्टा सैल करावा लागतो. म्हणूनच चप्पल संध्याकाळी विकत घ्यावी. संवेदना गेलेल्यांसाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराचा आतला थर असलेली चप्पल मिळते. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातून हीच दिली जाते. काही रुग्ण याच कारणाने ती घालायला लाजतात. लाजू नका. काम दोन्हीकडे एकच आहे, न कळणाऱ्या पायाला वाचवणे. आता ती साध्या सँडलसारख्या दिसणाऱ्या नमुन्यांतही मिळते.

घालण्यापूर्वी चप्पल-बूट उलटे करून झटका आणि आत हात फिरवा. खडा, खिळ्याचे टोक, आणि गावाकडे असाल तर विंचू. घरातही अनवाणी फिरू नका. घरात चप्पल चालत नसेल तर फक्त घरात वापरायची वेगळी जोडी ठेवा आणि रात्री ती पलंगाशेजारी असू द्या. मोजे घालायचे तर पांढरे किंवा फिक्या रंगाचे सुती, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसेल.

पायांची सूज दिवसभर उभे राहिल्यावर येऊन रात्री उतरत असेल तर ती बहुधा उन्हाळ्याचीच. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन या गोळीनेही घोटे सुजतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. एकाच पायाला सूज असेल तर मात्र वाट पाहू नका.

भेगा आणि घाम

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात, तर मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते. त्यामुळे शेजाऱ्याचा उपाय तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

भेगांसाठी अंघोळीनंतर पाय टिपून कोरडे करा आणि लगेच व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा युरिया असलेले मलम टाचांना व तळव्यांना लावा. बोटांच्या मध्ये लावू नका. तेल लावून लगेच फरशीवर चालू नका, घसराल. वजरीने किंवा ब्लेडने टाच घासणे मधुमेहात बंद, कारण किती खोल गेले ते कळत नाही. मेण आणि तेल कढवून भेगांत भरण्याचा घरगुती उपाय तर अजिबात नको, त्याने भाजलेल्या टाचाही आम्ही पाहतो. कुरूप घालवण्याच्या औषधी पट्ट्यांत त्वचा जाळणारे आम्ल असते, त्याही नकोत.

बेचके ओले राहत असेल तर दिवसातून दोनदा टिपून कोरडे करा, मोजे दुपारी बदला, बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरा. पांढरी पडलेली, सोललेली, खाजणारी त्वचा दिसली तर बुरशीचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावा. औषधाच्या दुकानातून घेतलेल्या मिश्र मलमांत अनेकदा स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते.

भाजलेच तर

नुकतेच भाजले असेल तर पाय २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. इथे एक बारीकशी गोष्ट : उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला कढत येते. आधी दुसऱ्या कोणाच्या हाताने पाणी तपासा, गरम असेल तर घरात साठवलेले किंवा माठातले पाणी तांब्याने सतत ओता. बर्फ लावू नका, बधिर त्वचेला बर्फानेही इजा होते.

फोड फोडू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, कॉफी, तूप काहीही लावू नका. स्वच्छ कोरडे गॉज हलके गुंडाळा आणि त्या पायावर भार देऊ नका. न्यूरोपॅथी असेल तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले होते तेही सांगा. जखम भरेपर्यंत भार न देणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे असते आणि नेमके हेच पाळले जात नाही. कारण दुखत नाही, मग माणूस चालतो. वर सांगितलेल्या काकूंचे पहिले तीन आठवडे त्यातच गेले.

रात्र असली तरी रुग्णालयात जा

जखमेभोवतीची लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, बोट काळे-निळे पडले असेल, थंडी वाजून ताप आला असेल किंवा साखर कारण नसताना एकदम वाढली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. पाय अचानक थंडगार आणि फिका पडून दुखू लागला तर रक्तपुरवठा बंद झाल्याची शक्यता असते, तिथे तासांचा हिशेब असतो.

याहून फसवे आणखी एक लक्षण आहे. जखम नाही, पण एकच पाय सुजला आहे, लाल आहे आणि हात लावला तर दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. उन्हाळ्यात घरचे म्हणतात, उन्हाने झाले असेल. मुरगळला समजून लोक मालिश करतात. ही शारको फूटची सुरुवात असू शकते. यात बधिर पायाची हाडे आणि सांधे आतल्या आत झिजतात, मोडतात आणि माणूस त्यावर चालतच राहतो. लवकर ओळखून प्लास्टर घातले तर पायाचा आकार वाचतो. ऊन दोन्ही पायांना सारखेच लागते, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांची तुलना करा. एक गरम आणि एक नाही, तर त्या पायावर उभेही राहू नका आणि डॉक्टरांना गाठा.

रोजची दोन मिनिटे

रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे, टाचा आणि प्रत्येक बेचके पाहायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा मोबाइलने फोटो काढा. नजर अधू असेल तर हे काम घरातल्या एका ठरावीक व्यक्तीकडे द्या. सगळ्यांवर सोपवलेले काम कोणीच करत नाही. नखे सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

आणि पाय दाखवायला दवाखान्यात याल तेव्हा ठेवणीतले नवे बूट घालून येऊ नका. रोज वापरता तीच चप्पल घालून या, झिजलेली असली तरी. तिचा तळ कुठे घासला आहे हे पाहून तुमच्या पायावर भार कुठे पडतो, ते आम्हाला कळते.